आधी आठवीचं छप्पर

संस्थेने धुळ्याच्या शाळेतून माझी बदली चोपडा तालुक्यातल्या एका गावात केली, तेव्हा मी मनातून नाराज होते. चोपड्यात एक खोली घेतली. सकाळी एसटीने गावात जायचं, संध्याकाळी परत यायचं. आई धुळ्याला एकटी. संध्याकाळी तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, “परत बदलीचं काही कळलं का?”

शाळा पाचवी ते दहावी. समोरची इमारत स्लॅबची. तिच्यात ऑफिस, दहावीचा वर्ग आणि लहान मुलांचे वर्ग. मागे पत्र्याचं छप्पर घातलेले दोन वर्ग, एकाच भिंतीने जोडलेले. एकात आठवी, दुसऱ्यात नववी. मी विज्ञान शिकवायचे आणि नववीची वर्गशिक्षिका होते, त्यामुळे माझा बराचसा दिवस पत्र्याखाली जायचा. फेब्रुवारी संपत आला की दुपारच्या तासाला पत्रा कडकड वाजायला लागायचा. मुलं वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत बसायची आणि मी फळ्याजवळ उभी राहून घाम पुसत शिकवायचे. पंखे होते, पण ते वरची गरम हवा खाली आणून टाकायचे, एवढंच.

अशाच एका दुपारी मी प्रयोगशाळेचं कपाट आवरायला काढलं. मदतीला नववीच्या तीन मुली होत्या. त्या तिघी नेहमी एका बेंचवर बसायच्या, म्हणून एकीला बोलावलं की तिघी यायच्या. एक वर्गातली सगळ्यात उंच. तिचे वडील केळी वाहणारा टेम्पो चालवायचे. दुसरी बुटकी, दोन घट्ट वेण्या घालणारी, हात कायम वर. तिला प्रत्येक गोष्टीत शंका असायची. तिचे वडील गावात घरं रंगवायचे. तिसरी गावातल्या किराणा दुकानाची मुलगी. घरी मारवाडी बोलायची, शाळेत मराठी, मैत्रिणींशी अहिराणी. हसायची मात्र तिन्ही भाषांत.

कपाटाच्या तळाशी एका पुठ्ठ्याच्या खोक्यात तापमाप्या निघाल्या. काचेच्या, आत लाल रेघ असलेल्या. काही फुटल्या होत्या, पाच-सहा चांगल्या होत्या. मी स्वतः धुळ्यात शिकले तेव्हा आमच्या सरांनी तापमापी लांबून दाखवली होती आणि लगेच परत डबीत ठेवली होती. हात लावायला मिळाला नव्हता. म्हणून मी त्या मुलींच्या हातात देऊन टाकल्या.

शंकेखोर मुलीने ती उजेडात धरली आणि विचारलं, “मॅडम, ही डॉक्टरांसारखीच ना? मग आपल्या वर्गाला ताप आहे की नाही, ते बघता येईल?”

दुसऱ्या दिवशी सगळ्या नववीने वर्गाचा ताप बघितला. मी तापमाप्या वाटल्या आणि सांगितलं, जा, वाटेल तिथे जाऊन मोजा. मुलं पांगली. थोड्या वेळाने सगळे आकडे घेऊन आले. बेंचवर छत्तीस. खिडकीत छत्तीस. फळ्याजवळ छत्तीस. बाहेर कडुलिंबाखाली छत्तीस, मैदानातल्या उन्हातही छत्तीस. सगळ्यांचं उत्तर एकच आलं म्हणून वर्ग खूश होता. आमच्याकडे गणितात सगळ्यांचं उत्तर एक आलं की ते बरोबर, असाच समज होता.

फक्त शंकेखोर मुलगी खूश नव्हती. मग तिचा हात वर गेला. “मॅडम, उन्हातही छत्तीस आणि सावलीतही छत्तीस, तर माणसं सावलीत कशाला बसतात?”

मुलं विचार करायला लागली. उंच मुलीने आपल्या हातातल्या तापमापीकडे बघितलं. तिने खालचा फुगा मुठीत घट्ट धरला होता. तिने मूठ उघडली, परत मिटली आणि ओरडली, “अरे, आपण आपलाच हात मोजत होतो!”

हसरी मुलगी जी हसायला लागली, ती तास संपेपर्यंत थांबली नाही.

त्यानंतर मुलं नीट मोजायला शिकली. फुगा मोकळा ठेवायचा, थोडा वेळ थांबायचं, डोळा रेघेच्या समोर आणायचा. उंच मुलीने बांबूला सुतळीने तापमापी बांधली आणि बेंचवर उभं राहून ती पत्र्यापर्यंत नेली. खाली बेंचवर एकोणचाळीस होते. वर पत्र्याजवळ लाल रेघ पन्नासच्या पुढे गेली. इतके दिवस सगळे नुसतं “काय गरम होतंय” म्हणत होते. आता त्या गरमीचा आकडा समोर होता, आणि तो आपल्या डोक्यावर लटकतो आहे हे कळल्यावर एका मुलाने खरंच डोक्यावर वही धरली.

त्या संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा बदलीचं तिने विचारलं, पण मी तिला पन्नासचीच गोष्ट सांगितली. ती म्हणाली, “आपल्या गच्चीवर किती असेल गं?”

तिघी मुलींच्या डोक्यात मात्र पुढचं चाललं होतं. पत्रा कमी तापावा म्हणून काय करता येईल? एकीने सुचवलं, पांढरा करायचा. दुसरीने सुचवलं, वर केळीची वाळलेली पानं टाकायची, शेतात गड्यांच्या खोपीवर टाकतात तशी. मी म्हटलं, मोजून बघा. उंच मुलीच्या वडिलांनी टेम्पोतून केळी भरायची जाड पुठ्ठ्याची तीन खोकी आणून दिली. त्यांच्यावर पत्र्याचे तुकडे ठेवले. एक पत्रा उघडा, एकाला चुना लावला, एकावर वाळलेल्या पानांचा जाड थर. प्रत्येक खोक्याला बाजूने भोक पाडून तापमापी आत सरकवली. शाळेच्या मागे, स्वयंपाकाच्या खोलीजवळच्या मोकळ्या जागेत ही तीन घरं मांडली. छोट्या सुट्टीत एकदा आणि मोठ्या सुट्टीत एकदा मोजायचं ठरलं.

पहिल्या दिवशी व्हायचं तसंच झालं. उघड्या पत्र्याचं घर सगळ्यात गरम, पांढरं त्याच्यापेक्षा बरंच कमी, पानांचं सगळ्यात कमी. मुली नाचत आल्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सुट्टीत त्या आल्या, पण तोंडं उतरलेली. उघड्या पत्र्याचं घर सगळ्यात थंड निघालं होतं. पानांपेक्षाही थंड. तिसऱ्या दिवशी परत तेच. छोट्या सुट्टीत सगळं ठीक, मोठ्या सुट्टीत उघडं घर थंड.

“तापमापी बिघडली असेल,” उंच मुलगी म्हणाली.

शंकेखोर मुलीने तापमाप्या अदलून-बदलून पाहिल्या. घर तेच थंड.

“मग हे दोन दिवस सोडून देऊ. पहिल्या दिवसाचं बरोबर आलंय ना, तेच लिहू,” उंच मुलगी म्हणाली.

“कशावरून ते बरोबर? हेच बरोबर असेल तर?”

“अगं, उघडा पत्रा थंड राहतो का कुठे? डोक्यावर घेऊन बस एकदा!”

“माहीत नाही. पण दिसलं ते लिहायचं. आपल्याला आवडलं तेवढंच लिहायचं असेल तर मोजायचं कशाला?”

दोघी इतक्या भांडल्या की मला मध्ये पडावं लागलं. खरं सांगायचं तर मलाही कारण कळेना. मी रात्री पुस्तकं चाळली. पत्र्याला जमिनीतून ओल लागते का, वारा कुठून येतो, असं काहीबाही डोक्यात आणलं, पण काही जुळेना.

उत्तर हसऱ्या मुलीला सापडलं. चौथ्या दिवशी माझ्या तासाला ती पाणी प्यायला म्हणून गेली आणि परत आली ती दाराला धरूनच. हसू इतकं आलं होतं की शब्द फुटेना. तिने हातानेच आम्हाला बोलावलं. आम्ही मागे गेलो. खिचडी करणाऱ्या अक्का उघड्या पत्र्याच्या घरावर ओली, जाड फडकी पसरत होत्या. एक, दोन, तीन, अगदी नीट, सुरकुत्या काढून.

आम्हाला सगळ्यांना धावत येताना बघून त्या दचकल्या. “काय व्हयनं वं पोरीस्वन?”

उंच मुलीने कपाळावर हात मारला. “अक्का, हे आमचं प्रयोगाचं आहे!”

“माले काय म्हाईत, माय? उघडा पत्रावर फडकं पटकन वाळस. पांढरावर ठेवं तं चुना लागस, पानांवर ठेवं तं कचरा. मनं काय चुकनं?”

चुकलं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून छोटी सुट्टी झाली की त्या भांडी-फडकी धुवायच्या, पिळून या पत्र्यावर वाळत घालायच्या आणि खिचडी वाढायच्या वेळी गरम पातेली धरायला फडकी लागतात म्हणून घंटेच्या जरा आधी उचलून न्यायच्या. आम्ही मोजायला यायचो तेव्हा पत्रा कोरडा असायचा, आणि आतलं घर गार. शंकेखोर मुलगी मात्र तिथेच उभी होती. तिने मला विचारलं, “मॅडम, नुसत्या ओल्या फडक्याने एवढा फरक पडला?” मग पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी म्हणूनच गार होतं, हा धडा मी तिथेच, खिचडीच्या वासात, उभ्या उभ्या शिकवला. अक्का ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “मंग आते मी फडकं कोठे वाळू?” त्यांच्यासाठी आम्ही चौथा पत्रा टाकला, आणि मुलींनी त्यालाही खोकं लावून टाकलं. ओल्या फडक्याचं घर म्हणून तेही मोजायला सुरुवात झाली.

ते घर सगळ्यांत गार राहायचं, पण फडकं ओलं असेपर्यंतच. अख्ख्या छपरावर दिवसभर पाणी कोण शिंपडणार? पानं वाऱ्याने उडायची. चुना एकदा लावला की काम झालं. असा विचार करून तिघी मुख्याध्यापक सरांकडे गेल्या. मागोमाग मीही गेले.

सर मूळचे पाचोऱ्याचे. भूगोल शिकवायचे. माणूस चांगला, पण नवीन काही म्हटलं की आधी नाही म्हणायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला. “छपरावर चढायचं म्हणजे जबाबदारी आली. आणि ऊन काय आजचं आहे का? माझं सगळं आयुष्य याच उन्हात गेलं. आम्हीही पत्र्याखालीच शिकलो.”

सरांचा नववीचा तास सकाळी पहिला असायचा. हसरी मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, “सर, उद्या मॅडमचा जेवणानंतरचा तास तुम्ही घ्याल का? आमचा नकाशाचा धडा राहिलाय.”

सरांनी घेतला. तासाच्या सुरुवातीला त्यांनी कोट खुर्चीवर ठेवला. मग वरचं बटण उघडलं. गोदावरीचं खोरं दाखवता दाखवता ते दाराच्या दिशेने सरकत गेले आणि कृष्णेपर्यंत पोचेस्तोवर ते जवळजवळ व्हरांड्यात होते. उंच मुलीने बांबूवरची तापमापी काढून त्यांच्यासमोर धरली. सरांनी ती वाचली, परत वाचली.

“चुना किती लागेल?” त्यांनी विचारलं.

चुना आणि तो पत्र्याला धरून राहावा म्हणून त्यात घालायचं मीठ किराणा दुकानातून आलं. हसऱ्या मुलीच्या वडिलांनी ते शाळेसाठी म्हणून दिलं. शंकेखोर मुलीचे वडील रविवारी येऊन छपरावर चढायला तयार झाले. सगळं जमून आलं. आणि शनिवारी वर्गात, सगळे उद्याच्या गप्पा मारत असताना, शंकेखोर मुलीचा हात वर गेला.

“मॅडम, दोन्ही वर्गांचं एकदम नको करायला. एकाचं आधी करू. एक आठवडा मोजू. मग दुसऱ्याचं.”

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “म्हणजे फरक दिसेल.”

वर्गाला हे मान्य होतं. नववीचं आधी, आठवीचं नंतर. एक-दोन मुलं टाळ्याही वाजवायला लागली.

“नाही,” ती म्हणाली. “आठवीचं आधी.”

मग गलका झाला.

“का म्हणून? प्रयोग आपण केला!”

“म्हणूनच,” ती म्हणाली. ती उभीच राहिली. “आपणच मोजणार, आपलंच छप्पर पांढरं आणि आपणच सांगणार की आता गार वाटतं. कोण मानेल? सगळे म्हणतील, यांना गार हवं होतं म्हणून यांना गार लागलं.”

“मग तूच जा आठवीत!” मागच्या बेंचवरून एक मुलगा ओरडला.

मी हात वर करायला सांगितले. तिच्या बाजूने ती स्वतः, हसरी मुलगी आणि आणखी दोघं-तिघं. बाकी सगळा वर्ग विरुद्ध. उंच मुलगी मान खाली घालून बसली होती, तिने कुठेच हात वर केला नाही. मत माझं तिच्याशी जुळत होतं, पण मी वर्गाला विचारलं होतं आणि वर्गाने उत्तर दिलं होतं.

तेवढ्यात गलका ऐकून मुख्याध्यापक सर दारात आले. “काय चाललंय? एवढ्यावरून भांडणं होणार असतील तर रंगच नको. मी उद्याचं रद्द करतो.”

उंच मुलगी उभी राहिली.

“सर, भांडण नाहीये. आठवीचं आधी करायचं ठरलंय. सगळ्यांना मान्य आहे.”

सरांनी वर्गाकडे पाहिलं. “आहे का मान्य?”

असं काहीच ठरलेलं नव्हतं. सगळ्यांचे डोळे तिच्यावर रोखलेले होते. पण एकानेही तोंड उघडलं नाही. मागच्या बेंचवरचा तो मुलगा शेवटी पुटपुटला, “हो सर.”

सर गेल्यावर मी ऐकलं, उंच मुलगी बेंचवर बसता बसता मैत्रिणीला म्हणाली, “तुझं पटलं म्हणून नाही केलं. तू एकटी उभी होतीस, ते बघवेना.”

रविवारी सकाळीच आम्ही जमलो. मुलांनी वर चढायचं नाही, ही सरांची अट होती, म्हणून खाली चुना कालवायचं काम आमचं. मोठ्या टिपाडात चुना, पाणी, मीठ. काठीने ढवळायचं, गाळायचं, बादली भरून दोराने वर द्यायची. शंकेखोर मुलीचे वडील मोठा कुंचला घेऊन छपरावर वाकलेले, आणि खाली त्यांची मुलगी कमरेवर हात ठेवून सांगत होती, “आबा, मधली भिंत आहे ना, तिच्या पलीकडे एक थेंब नको!”

“अवं माय, तू मना मुकादम व्हई गयी का?” ते वरून ओरडले. पण रेघ त्यांनी अशी सरळ मारली की लांबून बघणाऱ्याला वाटावं, छपराच्या एका अर्ध्यावर चादर टाकली आहे. दुपारपर्यंत आमचे हात, केस, चप्पल सगळं पांढरं झालं होतं. अक्कांनी सगळ्यांना कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणि ठेचा दिला आणि आम्ही कडुलिंबाखाली बसून खाल्ला.

पुढचा आठवडा नववीला जड गेला. ऊन वाढत होतं आणि भिंतीपलीकडे आठवीला सुख होतं. पत्र्याजवळ दोन्हींत आठ-नऊ अंशांचा फरक पडायचा, बेंचवर तीन-चार. तीन-चार हा आकडा कागदावर छोटा वाटतो. पण नववीतून आठवीत पाऊल टाकलं की मोजायची गरज पडायची नाही. आमची मुलं पाणी प्यायला जाताना मुद्दाम आठवीच्या दारातून जायची. शंकेखोर मुलीशी दोन-तीन दिवस बरेच जण बोलत नव्हते. ती मात्र रोज दोन्ही वर्गांत जाऊन, बांबू उचलून, मोजून यायची. उंच मुलगी बांबू धरायची.

गुरुवारी एक गंमत झाली. शेवटच्या तासाआधी आठवीतली एक मुलगी आमच्या दारात आली. “मॅडम, आमच्या वर्गात येऊन बसा सगळे. आम्ही खाली बसतो, ताई-दादांना बेंच देतो.” त्यांनी आपापसात ठरवलं होतं. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. नववीच्या मुलांचे चेहरे बघण्यासारखे झाले. सगळी नववी आठवीत घुसली. एका बेंचवर चार-चार, खाली सतरंजी, खिडकीत मुलं. मी दोन वर्गांना एकदम आवाजाचा धडा शिकवला. प्रयोगाला साहित्य लागलंच नाही, आवाज पुष्कळ होता.

तास संपल्यावर शंकेखोर मुलीने तापमापी बघितली आणि तिचं तोंड पडलं. आठवीचा आकडा चांगलाच वर गेला होता.

“एवढी माणसं एका खोलीत बसल्यावर होणारच,” मी म्हटलं.

“आता हा आकडा लिहायचा?” उंच मुलीने विचारलं. या वेळी तिच्या आवाजात भांडण नव्हतं.

“लिहायचा. पण शेजारी लिहायचं, आज पाहुणे आले होते,” शंकेखोर मुलगी म्हणाली.

पुढच्या रविवारी नववीचंही छप्पर पांढरं झालं. मग परीक्षा आल्या. हल्ली शाळा एप्रिल संपेपर्यंत चालते, त्यामुळे जेमतेम काही आठवडे त्या मुलांना त्या गारव्याचा उपयोग झाला. जूनमध्ये ती सगळी दहावीत, स्लॅबच्या इमारतीत गेली आणि पांढऱ्या छपराखाली दुसरीच मुलं आली. यावर हसऱ्या मुलीचं म्हणणं, “मॅडम, झाड लावणाऱ्याला आंबे कुठे मिळतात? पण आम्ही निदान कैऱ्या खाल्ल्या.”

मधल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धुळ्याला गेले तर आईने गच्चीच्या अर्ध्या भागाला चुना लावून घेतला होता. फक्त अर्ध्या. स्वयंपाकात साखरेचा पाक मोजायची एक तापमापीही तिने कुठून तरी मिळवली होती. बदलीचं विचारायचं ती केव्हा बंद झाली, मला आठवत नाही.

हिवाळ्यात जळगावला विज्ञान प्रदर्शन होतं. मुलींनी नाव दिलं. त्याआधी शंकेखोर मुलीने आणखी एक काम काढलं. डिसेंबरच्या थंडीत सकाळी लवकर येऊन तिने पत्र्याचे वर्ग परत मोजले आणि तुलनेला पांढऱ्या व उघड्या पत्र्याची खोकीही, कारण तिच्या मते उन्हाळ्यात थंड ठेवणारं छप्पर हिवाळ्यातही थंडच ठेवणार. तसंच निघालं. दुपारी ऊन आल्यावरही पांढऱ्या छपराखालचा वर्ग लवकर ऊबदार होत नव्हता. मुलं स्वेटर घालून बसायची.

प्रदर्शनाचा हॉल मोठा होता आणि आत ऊन येत नव्हतं. मग आम्ही प्रत्येक खोक्यावर एक-एक मोठा बल्ब टांगला, तोच आमचा सूर्य. आजूबाजूला फिरणारे ग्रह होते, आपोआप झाकण उघडणारी कचरापेटी होती, चालणारा यंत्रमानव होता. आमची केळीची खोकी त्यांच्यात अगदीच गरीब दिसत होती. परीक्षक म्हणून एक वयस्कर प्राध्यापक आणि एक तरुण बाई आल्या. मुलींनी सगळं सांगितलं, फडक्यांसकट. प्राध्यापक ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “फायदे सांगितलेत. तोटे काय?”

“पांढरं छप्पर थंडीत जास्त थंड करतं, सर,” शंकेखोर मुलगी लगेच म्हणाली. “आम्ही मोजलंय.”

“आणि या पानांच्या छपराचा? हे तर सगळ्यात स्वस्त दिसतंय. हेच का नाही केलंत?”

शंकेखोर मुलगी वाऱ्याचं काही सांगणार, तेवढ्यात हसऱ्या मुलीच्या नाकाला वास आला. बल्ब पानांच्या फार जवळ होता. थरातून धुराची बारीक रेघ वर चालली होती. तिने झटक्यात बल्ब बाजूला केला, उंच मुलीने पानांचा थर उचलून फरशीवर टाकला आणि चपलेने दाबला. सगळा हॉल आमच्याकडे बघायला लागला.

“सर,” हसरी मुलगी म्हणाली. चेहरा गंभीर ठेवायचा तिने आटोकाट प्रयत्न केला. “पानांचा तोटा हा, की ती पेट घेतात.”

तरुण परीक्षक बाई आधी हसल्या, मग प्राध्यापक, मग मुली. मी मात्र घाबरून गार पडले होते. प्राध्यापकांनी जाताना त्या तिघींशी एक-एक करून हात मिळवला.

बक्षीस यंत्रमानवाला मिळालं, दुसरं झाकणवाल्या कचरापेटीला. आम्हाला काही नाही. परत येताना एसटीत मागच्या सीटवर तिघी बसल्या होत्या, मांडीवर खोकी. मला वाटलं होतं, रडतील. तर धरणगाव मागे पडेपर्यंत त्यांचं हसणं थांबेना. एक जण धुराची रेघ हाताने काढून दाखवायची, दुसरी प्राध्यापकांसारखे डोळे मोठे करायची.

चोपड्याच्या स्टँडवर उंच मुलीचे वडील टेम्पो घेऊन उभे होते, मुलींना गावात न्यायला. त्यांनी खोकी उचलून मागे टाकली आणि विचारलं, “काय, नंबर वना का?”

“नही ना, आबा,” उंच मुलगी म्हणाली.

“मंग इतल्या काय हासी राह्यन्यात?”

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि एकदम बोलायला सुरुवात केली. वडिलांनी टेम्पो सुरूच केला नाही. तिथेच दाराला टेकून, सगळं पहिल्यापासून ऐकत उभे राहिले.